स्वस्त ई-पुस्तक आणि त्याचा शोध : समकालीन मराठी कादंबरीच्या संदर्भात

१

ग्रंथ स्वस्त झाला म्हणजे तो वाचकापर्यंत पोचला, ही समजूत ग्रंथव्यवहारात जुनी आहे. ई-पुस्तकांच्या आगमनानंतर तिला नवे बळ मिळाले. कागद नाही, छपाई नाही, बांधणी नाही, टपालखर्च नाही. तेव्हा किंमत उतरणार, आणि किंमत उतरली की वाचक वाढणार, असा हा युक्तिवाद आहे. त्याचा पूर्वार्ध बव्हंशी खरा मानता येईल. उत्तरार्धाची मात्र तपासणी होणे आवश्यक आहे. कारण किंमत आणि वाचक यांच्यामध्ये आणखी एक पायरी असते, व ती म्हणजे शोध. जे पुस्तक अस्तित्वात आहे हेच वाचकाला ठाऊक नाही, ते फुकट असले काय आणि महाग असले काय, त्याच्या लेखी सारखेच. म्हणून खरा प्रश्न असा मांडावयास हवा : जे स्वस्त आहे ते सापडते काय, आणि जे सापडते ते कोणत्या जातीचे साहित्य असते?

स्वस्त ग्रंथांच्या इतिहासात ॲलन लेन यांच्या पेंग्विन मालेचा दाखला नेहमी दिला जातो. १९३५ च्या जुलैमध्ये या मालेची पहिली दहा पुस्तके सहा पेन्सांस एक याप्रमाणे विक्रीस आली. त्यांत हेमिंग्वेची कादंबरी होती, तशी ॲगाथा ख्रिस्तीचीही होती. या घटनेचे वर्णन करताना सहा पेन्सांवर भर दिला जातो. परंतु त्याच मालेतील वेष्टनांच्या रंगांकडे पुरेसे लक्ष जात नाही. कादंबरीला नारिंगी, रहस्यकथेला हिरवा, चरित्राला निळा असा रंगांचा संकेत तेथे प्रथमपासून होता. दुकानाच्या फळीपुढे उभ्या राहिलेल्या अनोळखी वाचकाला किंमत कळण्याआधी प्रकार कळत असे, आणि मालेच्या नावावरून निवडीविषयी एक हमी मिळत असे. स्वस्ताई आणि ओळख या दोन गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या.

मराठीतही हेच घडले आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० मध्ये निघालेल्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः वाचकांच्या हाती पडली. पत्राच्या वर्गणीत कादंबरी मिळे, आणि संपादकाची निवड हीच तिची शिफारस असे. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केलेली दिवाळी अंकांची प्रथा, ठाणे (१८९३) व मुंबई (१८९८) येथील मराठी ग्रंथसंग्रहालये, १९८२ मध्ये बंद पडलेले ‘सत्यकथा’ मासिक, साठच्या आसपासची ‘शब्द’ व ‘असो’ यांसारखी लघुनियतकालिके, ही सर्व एका अर्थाने अल्पमोली वाचनाची साधने होती. ‘सत्यकथा’ व लघुनियतकालिके यांची वाङ्मयीन भूमिका परस्परविरोधी असली, तरी एका बाबतीत त्यांच्यात साम्य होते. कोणी तरी वाचून, निवडून, आपल्या नावाची जबाबदारी घेऊन लेखन पुढे करीत होते. मराठी वाचकाने स्वस्त साहित्य पूर्वीही वाचले. पण ते त्याला एकट्याने हुडकून काढावे लागत नव्हते.

ई-पुस्तकाने ही जोडणी तोडली. किंमत एका यंत्रणेकडे गेली, ओळख दुसऱ्या यंत्रणेकडे. आणि मराठीच्या बाबतीत ही दुसरी यंत्रणा जवळजवळ उभीच राहिलेली नाही.

२

‘स्वस्त ई-पुस्तक’ हा शब्दप्रयोग एकजिनसी नाही. स्वस्ताईचे निदान तीन प्रकार वेगळे करावे लागतात, आणि प्रत्येक प्रकारातून निराळे साहित्य वाचकापुढे येते.

पहिली स्वस्ताई कायद्याने मिळते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांपर्यंत हक्क राखून ठेवला होता. १९९२ च्या दुरुस्तीने ही मुदत साठ वर्षांची झाली. रवींद्रनाथांचे ग्रंथ नुकतेच मुक्त होण्याच्या बेतात असताना ही दुरुस्ती आली, हे सर्वश्रुत आहे. या हिशेबाने हरिभाऊ, वामन मल्हार जोशी, श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या कादंबऱ्या मुक्त आहेत. साने गुरुजींचे लेखन २०११ च्या आरंभी मुक्त झाले. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये निवर्तले; त्यामुळे ‘रात्रीचा दिवस’, ‘तांबडी माती’ व ‘पाणी’ या त्यांच्या तिन्ही कादंबऱ्या २०१७ पासून कोणासही विनामूल्य प्रसृत करता येतात. परंतु वि. स. खांडेकरांसाठी २०३७ पर्यंत आणि विभावरी शिरूरकरांसाठी २०६२ पर्यंत थांबावे लागेल. तात्पर्य, कायद्याने फुकट होणारे साहित्य हे व्याख्येनेच समकालीन नसते. ‘समकालीन’ आणि ‘मुक्त’ या दोन विशेषणांचा कायद्याच्या कक्षेत समास होऊ शकत नाही.

दुसरी स्वस्ताई लेखकाच्या देणगीतून येते. ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ने लेखकांच्या संमतीने मराठी ई-पुस्तके विनामूल्य वाटण्याचा उपक्रम चालविला आहे, २०१४ मध्ये बंगळुरास स्थापन झालेल्या ‘प्रतिलिपि’वर मराठीसह अनेक भारतीय भाषांतील लेखक स्वतःच कथा-कादंबऱ्या प्रसिद्ध करतात. प्रकाशकाच्या उंबरठ्यावर कधीच न पोचलेले कित्येक लेखक, विशेषतः तालुक्याच्या गावी राहणारे, या मार्गाने लिहिते झाले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु देणगीच्या स्वरूपात आलेल्या ग्रंथाचे परीक्षण करण्याची रीत मराठीत रुजलेली नाही. नियतकालिकांकडे परीक्षणार्थ दोन प्रती पाठविण्याचा प्रघात मुद्रित ग्रंथाभोवती वाढला. ई-पुस्तकाला तसा प्रघात नाही. त्यामुळे या साहित्याला वाचक मिळतात, टीकाकार मिळत नाहीत. आणि टीकेवाचून साहित्याची रास होते, परंपरा होत नाही.

तिसरी स्वस्ताई बाजाराची. ॲमेझॉनने २००७ मध्ये किंडल हे वाचनयंत्र अमेरिकेत आणले, तेव्हा गाजलेल्या नव्या पुस्तकांची किंमत दहा डॉलरांच्या किंचित खाली ठेवली. पुढे किमती ठरविण्याचा अधिकार कोणाचा, यावरून प्रकाशक व विक्रेते यांच्यात झगडा झाला आणि २०१२ मध्ये अमेरिकी न्यायखात्याने ॲपल व पाच प्रकाशकांविरुद्ध दावा लावला. भारतात किंडलचे दुकान २०१२ मध्ये उघडले, आणि मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ व मल्याळम या पाच भाषांना तेथे २०१६ च्या डिसेंबरात रीतसर प्रवेश मिळाला. या बाजारातील स्वस्ताई ही वस्तूचा गुण नसून वेळेचा गुण आहे. स्वतः प्रकाशन करणारा लेखक आपले ई-पुस्तक नव्वद दिवस अन्यत्र न देण्याचे कबूल करील, तर त्या नव्वदांपैकी पाच दिवस त्याला ते फुकट देता येते. ज्या वाचकाला ते पाच दिवस कळले त्याच्यापुरते पुस्तक फुकट, इतरांपुरते नाही. येथे शोध हा किमतीचाच एक घटक झाला आहे.

कराच्या बाबतीत एक गोष्ट भाषाभ्यासकाने आवर्जून पाहण्यासारखी आहे. मुद्रित पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकावर आरंभी अठरा टक्के कर होता. तो २०१८ च्या जुलैमध्ये पाच टक्क्यांवर आणला गेला. परंतु ही सवलत देताना ई-पुस्तकाची व्याख्या ‘मुद्रित पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती’ अशी करण्यात आली. म्हणजे जे लेखन कागदावर कधी उतरलेच नाही, ते या व्याख्येत ई-पुस्तकच ठरत नाही. मुद्रणाचा खर्च ज्याला झेपला नाही त्याच लेखकाची कृती सवलतीबाहेर राहावी, हा विपर्यास व्याख्येतील एका शब्दाने घडविला आहे.

‘विकत घेणे’ हे क्रियापदही या व्यवहारात आपला अर्थ बदलते. मुद्रित कादंबरी विकत घेणारा ती उसनी देऊ शकतो, ग्रंथालयाला भेट देऊ शकतो, अखेरीस रद्दीत घालू शकतो. आणि रद्दीतून ती पदपथावरील विक्रेत्याकडे जाऊन दुसऱ्या वाचकाला अल्प किमतीत मिळू शकते. मराठी विद्यार्थ्याचे कितीतरी वाचन या दुसऱ्या हातावर झालेले आहे. ई-पुस्तकाच्या व्यवहारात बहुधा ग्रंथ विकला जात नाही, वाचण्याचा परवाना विकला जातो. २००९ मध्ये ऑरवेलच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या, हक्क नसताना विकल्या गेलेल्या, प्रती ॲमेझॉनने ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून परस्पर काढून घेतल्या, तेव्हा हा फरक जगाच्या ध्यानात आला. ई-पुस्तकाला जुना बाजार नाही; म्हणून त्याची पहिली किंमत हीच त्याची शेवटची किंमत असते, हे स्वस्ताईचा हिशेब करताना विसरता येत नाही.

३

आता शोधाकडे वळावयाचे. वाचक शब्दांनी शोधतो; तेव्हा कोणते शब्द त्याला उपलब्ध आहेत हा पहिला प्रश्न होय.

इंग्रजी ग्रंथव्यापारात ‘लिटररी फिक्शन’ ही एक रूढ वर्गणा आहे. अमेरिकी ग्रंथव्यापाराच्या ‘बायसॅक’ या वर्गीकरणात कथात्म साहित्याखाली ‘लिटररी’ असे स्वतंत्र शीर्षक आहे. २०१३ मध्ये प्रसृत झालेल्या ‘थीमा’ या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आधुनिक व समकालीन कथात्म साहित्याचा एक विभाग आहे आणि गुन्हेगारीकथा, प्रणयकथा, भयकथा हे त्याच्याबाहेर आहेत. म्हणजे ‘लिटररी’ हे विशेषण तेथे मुख्यतः वजाबाकीने सिद्ध होते : जे रहस्य नाही, प्रणय नाही, अद्भुत नाही, ते ‘लिटररी’.

मराठीत या संज्ञेला प्रतिशब्द नाही, आणि तो नसणे हा केवळ कोशातील अभाव नव्हे. ‘ललित साहित्य’ म्हणावे तर त्यात काव्य, नाटक, लघुनिबंध सर्वच येते, आणि फडक्यांची प्रणयप्रधान कादंबरीही येते. ‘साहित्यिक कादंबरी’ म्हटले तर मराठी कानाला द्विरुक्ती वाटते. कादंबरी हे साहित्यच आहे, मग असाहित्यिक कादंबरी कोणती? मराठी समीक्षेने भेद केले ते कलावादी–जीवनवादी, रंजनपर–वास्तववादी, लोकप्रिय–प्रायोगिक, असे. हे भेद मूल्यविचारातून आले आहेत; दुकानातील कप्प्यांतून आलेले नाहीत. ‘समकालीन’ या शब्दाचीही गत अशीच आहे. समीक्षेत ‘साठोत्तरी’, ‘नव्वदोत्तरी’ अशा कालदर्शक संज्ञा आहेत, आणि त्या वर्षांपेक्षा वृत्तीचे सूचन अधिक करतात. १९६३ ची ‘कोसला’ समकालीन म्हणावी की नाही, यावर दोन अभ्यासकांचे एकमत होणे कठीण. दुकानाच्या यंत्राला मात्र ई-आवृत्तीची तारीख तेवढी समजते. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबरीची कालची ई-आवृत्ती ‘नवीन’ म्हणून वर येते आणि दहा वर्षांपूर्वीची नव्या लेखकाची पहिली कादंबरी ‘जुनी’ म्हणून तळाशी जाते.

यातून व्यवहारात काय होते? मराठी पुस्तकाची नोंद करणारा प्रकाशक किंवा लेखक परक्या वर्गीकरणातील जवळात जवळचा कप्पा निवडतो. तो कप्पा निवडण्याचे निकष कोणीही ठरवून दिलेले नाहीत. स्वतःची कृती ‘लिटररी’ म्हणून नोंदण्यास प्रत्यवाय नसतो. म्हणून त्या कप्प्यात उत्तम, मध्यम आणि केवळ हौशी लेखन शेजारी शेजारी बसते. उलटपक्षी ‘प्रतिलिपि’सारख्या ठिकाणी प्रेम, भय, कौटुंबिक असे विषयवार कप्पे असतात, ज्या कादंबरीचा विषय एका शब्दात सांगता येत नाही तिला तेथे घर नसते. आणि समकालीन मराठी कादंबरीतील महत्त्वाचे जे काही आहे, ते बहुतेक एका शब्दात न सांगता येणारे आहे.

४

संज्ञा निश्चित झाल्या तरी लिपीचा अडथळा राहतोच. हा अडथळा तांत्रिक म्हणून बाजूस सारला जातो. वस्तुतः तो मराठीच्या लेखनव्यवस्थेचा इतिहासच आहे.

भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. तरीही मराठी मुद्रणव्यवसाय पुढे दीर्घकाळ खाजगी फाँटांवर चालला. या फाँटांत पडद्यावर ‘अ’ दिसतो, पण आत साठविलेले असते ते भलतेच रोमन चिन्ह. अशा मजकुराची पीडीएफ डोळ्यांना वाचता येते, यंत्राला येत नाही. त्यातील एखादे वाक्य उचलून शोधू म्हटले तर हाती निरर्थक अक्षरे येतात. मुद्रणासाठी जुळविलेल्या मजकुरावरून थेट बनविलेली ई-पुस्तके अशी आतून मुकी आहेत. शिवाय पीडीएफचे पान मुद्रित पानाच्या मापाचे असते. मोबाइलच्या पडद्यावर ते वाचणे कष्टाचे होते. ईपब या प्रकारात मजकूर पडद्याप्रमाणे वाहतो. पण त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो.

युनिकोडमध्ये येऊनही प्रश्न संपत नाही. ‘वाऱ्यावरची वरात’ या शीर्षकातील ‘ऱ्य’ हे रूप दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी सिद्ध होते. दृश्य एक, साठवण दोन. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला. त्यापूर्वी कोणी ‘अ’वर चंद्र देई, कोणी हिंदीच्या वळणाचा ‘ऍ’ वापरी. शोधयंत्रणेने या सर्वांस एक मानण्याची तजवीज केलेली नसेल, तर एकाच ग्रंथाच्या दोन नोंदी एकमेकींना अनोळखी राहतात.

याहून खोल प्रश्न शुद्धलेखनाचा. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली, आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. हरिभाऊंच्या कादंबरीचे शीर्षक जुन्या आवृत्तीत ‘लक्षांत’ असे आहे, नव्या आवृत्तीत ‘लक्षात’. जुन्या प्रतीचे छायाचित्रण करणारा मूळ रूप नोंदवितो. शोधणारा विद्यार्थी आजचे रूप टंकित करतो. दोघेही बरोबर, आणि ग्रंथ सापडत नाही. मुक्त झालेले बहुतेक सर्व साहित्य १९६२ पूर्वीच्या लेखनपद्धतीतील आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका बिंदूची किंमत कळते.

रोमन लिपीत केलेल्या नोंदींनी यात भर घातली आहे. मराठीत शब्दांतर्गत ‘अ’चा उच्चारात लोप होतो आणि लेखनात तो राहतो, म्हणून ‘कोसला’ हे नाव रोमनमध्ये मधल्या अकारासह एक आणि अकाराविना दुसरे, असे दोन तऱ्हांनी लिहिले जाते. ‘व’ला दोन रोमन अक्षरे, ‘ळ’ला स्वतःचे एकही नाही. ग्रंथकारांच्या नावांची स्थितीही तशीच. आद्याक्षरे, पूर्णविराम, मधली जागा, आडनाव आधी की नंतर, यांत एकवाक्यता नाही. ग्रंथपालांनी तालिकीकरणाचे नियम याच कारणासाठी घडविले होते. बाजाराने ग्रंथ घेतला, नियम घेतले नाहीत.

५

शोधाची रीत बदलली की साहित्यरूपावर तिचा परिणाम होतो काय, हा समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न.

ई-पुस्तकाच्या दुकानात वाचकाला सुरुवातीची काही पाने नमुना म्हणून फुकट मिळतात. मुद्रित पुस्तक हाती घेणारा वाचक मधलेच पान उघडतो, शेवट पाहतो, मलपृष्ठ वाचतो. नमुना मात्र नेहमी आरंभाचाच असतो. ज्या कादंबरीचा आरंभ मंद आहे, जिची लय तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात ध्यानात येते, ती नमुन्यात हरते. मर्ढेकरांच्या संज्ञाप्रवाही कादंबरीची पहिली पाने नमुना म्हणून पाहणारा किती जण पुढे जातील, याचा अंदाज करणे कठीण नाही.

मासिक वर्गणी भरून हवे तितके वाचण्याची किंडलची योजना अमेरिकेत २०१४ मध्ये व भारतात २०१५ मध्ये सुरू झाली. २०१५ च्या जुलैपासून त्या योजनेत स्वयंप्रकाशित लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांच्या प्रमाणात मोबदला मिळू लागला. वाचकाच्या दृष्टीने ही योजना अल्पमोली आहे, यात संशय नाही. परंतु पानागणिक मोबदला म्हणजे पुढचे पान उलटविण्यास मोबदला. जी कादंबरी वाचकाला थांबवते, मागे जावयास लावते, एकच परिच्छेद दोनदा वाचावयास लावते, तिच्या या गुणाला येथे मोल नाही. क्रमशः प्रसिद्धीनेही हरिभाऊंच्या रचनेवर परिणाम केला होता, असा प्रतिवाद होऊ शकेल. तो मान्य करूनही एक भेद उरतो. ‘करमणूक’चे संपादक स्वतः हरिभाऊच होते, रचनेवर येणारा दाब आणि त्याला देण्याचा प्रतिसाद एकाच हातात होते. आजचा दाब गणिताचा आहे, आणि गणिताशी वाद घालता येत नाही.

शिफारशीची यंत्रणाही याच दिशेने काम करते. एक पुस्तक घेणाऱ्यांनी आणखी काय घेतले, हे ती सांगते. जेथे ग्राहकसंख्या मोठी आहे तेथे या पद्धतीतून आडवळणाचे पुस्तकही वर येऊ शकते. मराठी गंभीर कादंबरीचा ई-ग्राहकवर्ग लहान आहे. त्यामुळे यंत्राजवळ सांगण्यासारखे थोडे असते आणि ते पुन्हा पुन्हा गाजलेल्याच नावांकडे बोट दाखविते. ज्याला शोध म्हणावयाचे त्याची येथे पुनरुक्ती होते.

६

या सर्वांतून एक निष्कर्ष निघतो. समकालीन मराठी कादंबरीच्या ई-वाचकापुढील खरी अडचण किमतीची नसून सूचीची आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये प्रकाशित ग्रंथ कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांस द्यावा लागतो. हा कायदा मुद्रित ग्रंथ डोळ्यांपुढे ठेवून झालेला आहे. जे कागदावर छापलेच गेले नाही त्याची नोंद करण्याची जबाबदारी कोणावर आहे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची अपार कष्टाने सिद्ध केली, म्हणून त्या काळाचा अभ्यास शक्य झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका व्यक्तीच्या निष्ठेने जे साधले, ते एकविसाव्या शतकात यंत्रे हाताशी असताना साधलेले नाही.

विद्यापीठांच्या मराठी विभागांना हे कार्य परके मानता येणार नाही. प्रबंधाचा विषय निवडणारा विद्यार्थी जे सापडते त्यातून निवडतो; जे सापडत नाही ते अभ्यासविषय होत नाही; जे अभ्यासविषय होत नाही ते अभ्यासक्रमात येत नाही. अशा रीतीने आजच्या शोधचौकटीतील अपुरेपणा उद्याच्या वाङ्मयेतिहासात कायम होतो. याला उपाय म्हणून लागणारी सूची अवाढव्य असण्याची गरज नाही. प्रत्येक नोंदीत शीर्षकाचे प्रमाण रूप, १९६२ पूर्वीचे रूप असल्यास तेही, रोमन रूपे, प्रथम प्रकाशनाचे वर्ष व ई-आवृत्तीचे वर्ष वेगवेगळे, मजकूर युनिकोडमध्ये आहे किंवा नाही, हक्काची स्थिती, आणि नोंदीच्या दिवशीची किंमत, एवढे असले तरी पुष्कळ झाले. यांपैकी शीर्षके व नावे यांच्या रूपांचे काम भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे आहे. काल व आवृत्ती यांचे काम वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्यांचे.

परंतु सूचीने केवळ ग्रंथ आहे एवढे कळेल. तो का वाचावा हे कळणार नाही. त्यासाठी प्रत्येक नोंदीखाली वाचलेल्या माणसाच्या सहीचा एक परिच्छेद हवा. वेष्टनाच्या नारिंगी रंगाने एकेकाळी जे केले, मासिकाच्या संपादकाने जे केले, ते कार्य आज या परिच्छेदाने करावयाचे आहे. ग्रंथ स्वस्त करण्याचे काम यंत्राने पार पाडले आहे. त्याची ओळख करून देण्याचे काम मात्र अद्याप वाचणाऱ्याचेच राहिले आहे.